कचऱ्यातले होकार

ऑफिसात त्याला सगळे चाळणीबुवा म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस पन्नाशीच्या जरा अलीकडचा, पोट सुटलेलं, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त. सकाळी खुर्चीत बसला की डबा उघडेपर्यंत उठायचं नाव नाही. काम काय, तर लिंक चाळायच्या. दवाखाने रुग्णांना मेसेज पाठवतात ना, ‘तुमची तारीख अमुक, येणार असाल तर खालची लिंक दाबा’, ते मेसेज पाठवणारी ही कंपनी. रुग्णाने लिंक दाबली की एक लांबलचक ओळ कंपनीच्या मशीनकडे येते. तिच्यात रुग्णाचा नंबर, विभाग, तारीख असं सगळं एकाला एक चिकटून आलेलं असतं. ते सुटं करायचं आणि ‘हा माणूस येतोय’ अशी नोंद दवाखान्याला धाडायची. सुटं करणारा जो पॅटर्न लिहावा लागतो त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन असं भारदस्त नाव आहे. लग्नानंतर एकदा बायकोला त्याने ते समजावलं होतं, "पिठाची चाळणी असते बघ, तसंच." ती म्हणाली, "मग चाळणीच म्हणा की, कशाला जिभेला पीळ." त्याने ही गंमत ऑफिसात सांगितली आणि त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता तुम्ही म्हणाल, ओळीचे तुकडे करायचे त्यात काय मोठं. मोठं असं की प्रत्येक दवाखान्याची तऱ्हा न्यारी. दोन तुकड्यांच्या मध्ये एक खूण लागते, हा तुकडा संपला, पुढचा सुरू झाला, हे सांगणारी. जगात बहुतेक ठिकाणी त्यासाठी एकच ठरलेलं चिन्ह चालतं. पण काही दवाखान्यांची मशीनं पुरातन, कुणीतरी स्वतःच्या लहरीत बनवलेली, आणि बनवणारा कधीच सोडून गेलेला. एकाकडे मध्ये उभी दांडी. एकाकडे नागमोडी रेघ. डोळ्यांच्या एका दवाखान्याकडे अर्धविराम. या सगळ्यांच्या लहरी चाळणीबुवाने एकेक करून आपल्या पॅटर्नमध्ये बसवल्या होत्या. दुसरा कुणी तो पॅटर्न वाचायला बसला तर त्याला घेरी यायची.

उभ्या दांडीची तर दंतकथाच झाली होती. पॅटर्नच्या भाषेत उभी दांडी म्हणजे ‘किंवा’. तिचा तो अर्थ मारायचा असेल तर आधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. एका शहाण्याने ती दिली नाही, आणि मशीनने अर्थ घेतला, ओळ बरोबर असेल किंवा काहीच नसेल, दोन्ही चालेल. मग काय विचारता. वाट्टेल ते पास व्हायला लागलं, रिकाम्या ओळीसुद्धा ‘येतोय’ म्हणून दवाखान्यात पोचल्या. पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे, कंपनी चालवणाऱ्या मॅडम खूश. चाळणीबुवा जेवून आला, हात पुसत पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढं हिरवं? मग कुठेतरी सडलंय." एका तिरक्या रेघेत त्याने ते मिटवलं. एवढी अक्कल होती त्याला. म्हणून तर पुढचं सांगताना राग येतो.

चाळणीतून जे जात नाही ते कुठे जातं? कचऱ्यात. मशीनवर तसा कप्पाच होता, त्याचं नावही ‘कचरा’. आणि त्या कचऱ्याचा एक नियम होता, तो खुद्द चाळणीबुवाने घातलेला. कचरा उघडायचा नाही. कारण जो उघडेल त्याने त्या ओळीचा छडा लावायचा, दवाखान्याशी बोलायचं, खुलासे द्यायचे, आणि पुढे त्यातून काही निघालं तर ते निस्तरायचंही त्यानेच. "कचऱ्यात हात घातला की वास आपल्याच हाताला," असं तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा आणि स्वतःच हसायचा. थोडाफार कचरा असणारच की. कुणी अर्धीच लिंक उचलतं, कुणी शेवटी भलतंच काही जोडतं. शिवाय दवाखाने सांगायचे, होकार न देणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त आहेत. म्हातारी माणसं, विसरतात बिचारी. झालं, सगळ्या ऑफिसचं समाधान झालं.

त्यात मॅडमनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. लिंक कचऱ्यात गेली तरी रुग्णाच्या फोनवर ‘धन्यवाद’ असंच पान उघडायचं. चूक झाली म्हणून दाखवलं की लोक फोन करतात, आणि फोन उचलायला माणसं ठेवावी लागतात. चाळणीबुवाला हे ठाऊक होतं. त्या बैठकीत त्याने मानही डोलावली होती.

आता ताई. चाळणीबुवाची थोरली बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा दोघा भावांना हिनेच वाढवलं, न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं, चुकलं तर मोजपट्टीने झोडपलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दोन पोरं आयती मिळाली, आता नवरा कशाला पोसू?" शिवणकाम करायची. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी मशीन, भिंतीला लावलेले शाळेचे गणवेश. तोंडाने फटकळ, हाताने चोख. भावांनी आपापल्या घरी राहायला बोलावलं तर म्हणे, "तुमच्याकडे आले की तुमच्या बायकांच्या वेळेने जेवावं लागेल, ते मला जमायचं नाही." एकटं राहण्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढतोय, थेंबांनी भागायचं नाही, लवकर ऑपरेशन करू. यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चालढकल नको. तारीख ठरली. मेसेज येईल, लिंक दाबा, नाही दाबलीत तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. दवाखाना तोच, अर्धविरामवाला. चाळणीबुवाने ताईला मोठ्या अक्षरांचा फोन घेऊन दिला होता, म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतो तसला, ठळक आकड्यांचा. मेसेज कसा उघडायचा, लिंक कशी दाबायची, तेही शेजारी बसून शिकवलं होतं.

ठरल्या दिवशी ताई उपाशीपोटी दवाखान्यात गेली तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुमचा होकार आला नाही, जागा दिली दुसऱ्यांना. तिने तिथूनच भावाला फोन लावला.

"मी दाबलं होतं रे."

"दाबलं असतं तर नोंद झाली असती, ताई."

"अरे, धन्यवाद आलं मला. एवढं मोठं."

"ते दुसरं कशाचं तरी आलं असेल. दिवसाला शंभर मेसेज येतात."

तिने तो मेसेज त्याला पाठवला. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उघडला, लिंक उचलून तपासणीच्या चौकटीत टाकली. नंबर सुटा झाला, विभाग सुटा झाला, तारीख सुटी झाली. सगळं हिरवं. त्याला मनातून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. चाळणी चोख होती. मग चूक कुणाची उरली? ताईची.

दुसरी तारीख मिळायला बराच काळ गेला. तीही तशीच हुकली. त्या रविवारी सगळे धाकट्या भावाच्या घरी जेवायला जमले होते. ताईने ताटावरच विषय काढला. म्हणाली, मी दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, तुमच्या त्या कंपनीत काहीतरी गडबड आहे, बघ जरा. कंपनीचं नाव निघालं आणि चाळणीबुवाचं डोकं फिरलं. आपला पॅटर्न आणि गडबड? दोघांच्या बायका, धाकट्याच्या मुली, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ताई, मशीनला खोटं बोलता येत नाही."

ताईने घास ताटात ठेवला. "म्हणजे मला येतं," ती म्हणाली.

धाकट्याच्या बायकोने वाढण्याचं निमित्त करून पाण्याचा तांब्या उचलला. ताई जेवण अर्धं टाकून घरी गेली.

तिसऱ्या वेळी त्याने धोका पत्करला नाही. "मेसेज आला की मला पाठव, तू काही करू नकोस," असं बजावलं. तिने पाठवला. त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून दाबला आणि त्याच क्षणी नोंद झाली. पहिल्या फटक्यात. त्याने लगेच ताईला फोन केला, "बघ, झालं की नाही? दाबलं की होतंच." ताई म्हणाली, "बरं झालं बाबा."

ऑपरेशन झालं, दाब उतरला, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. एक डोळा गेला. दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच मधलं दिसायचं, आजूबाजूचं सगळं गायब. डॉक्टर चांगले होते, आवाज न चढवता म्हणाले, "पहिल्या तारखेला आला असतात तर चित्र वेगळं असतं." तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. चाळणीबुवानेही.

आणि मग सुरू झालं ते विसरभोळेपणाचं प्रकरण. धाकट्याला काळजी होती, खोटं कशाला बोला. पण काळजीचं एक असतं, ती एकदा लागली की पुरावे गोळा करत सुटते. ताईचं दूध एकदा उतू गेलं, ते जमा. किल्ली आत ठेवून दार ओढलं, ते जमा. हे सगळं तुमच्याआमच्या घरी रोज घडतं, पण आपल्याला कुणी विसरभोळं ठरवलेलं नसतं म्हणून ते चालून जातं. "दाबलं नाही ते नाही, वर दाबलं म्हणून भांडते," धाकटा म्हणाला. "आज लिंक विसरली, उद्या गॅस विसरेल. नजर नाही, त्यात डोकंही चालेना. एकटी ठेवायची कशी?" मग त्याने चाळणीबुवाला सरळ विचारलं, "तू यातला माणूस आहेस. एकदाच काय ते सांग. तिने दाबलं होतं की नव्हतं?"

"नव्हतं," चाळणीबुवा म्हणाला.

एका शब्दावर ताईचं घर उठलं. वृद्धाश्रम चांगला शोधला, स्वच्छ, डॉक्टर असलेला. ताई भांडली. शिव्या दिल्या, उपाशी राहिली, खोलीला आतून कडी घालून बसली. कडी घातली तर धाकटा म्हणाला, बघ, आता हेही सुरू झालं. आणि एका सकाळी तिने दार उघडलं आणि म्हणाली, "नसेल दाबलं. तुम्ही एवढे सगळे म्हणताय तर नसेलच." त्यानंतर तिने काही विरोध केला नाही. शिवणाचं मशीन विकलं. खोल्या मालकाला परत दिल्या, त्याने भिंती रंगवून दुसऱ्या कुटुंबाला दिल्या. चाळणीबुवा सामान बांधायला दिवसभर राबला. पाठ दुखली म्हणून दुसऱ्या दिवशी रजा घेतली.

पुढे बऱ्याच दिवसांनी ऑफिसात फोन आला. डोळ्यांच्या त्याच दवाखान्यातली रिसेप्शनवाली. बाई तापलेली होती.

"माझ्या सासऱ्यांनी काल रात्रीच्या जेवणाआधी लिंक दाबली. आज बघते तर नोंद कोरी."

चाळणीबुवाने पाठ झालेलं उत्तर दिलं. "काय असतं, वयस्कर माणसं कधीकधी—"

"मी शेजारी बसले होते," ती म्हणाली. "बोट त्यांचं होतं, बघणारे डोळे माझे होते. त्यांनी दाबलं. धन्यवाद आलं. तुमचं मशीन काय म्हणतं ते मला ऐकवू नका, त्यांनी दाबलेलं गेलं कुठे ते शोधा."

त्याने विचारलं, "फोन कुठला आहे त्यांचा?"

"म्हाताऱ्यांचा असतो तो. मोठ्या अक्षरांचा."

तसलाच फोन चाळणीबुवाने ताईला घेऊन दिला होता. त्याने फोन ठेवला आणि कचरा उघडला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "बुवा, काय हे? हात घातला?"

सासऱ्यांची ओळ कचऱ्यात होती. समोर धडधडीत दिसत होती. नंबर बरोबर, विभाग बरोबर, तारीख बरोबर, मध्ये अर्धविराम जिथल्या तिथे. ही ओळ चाळणीतून जायलाच हवी होती. त्याने ती उचलून तपासणीच्या चौकटीत टाकली. हिरवी. कचऱ्यात पडलेली ओळ, आणि तपासली तर हिरवी. त्याने ओळीच्या आगेमागे चुकून आलेली मोकळी जागा शोधली. नव्हती. मशीनवर जुना पॅटर्न तर चालू नाही ना, ते पाहिलं. नव्हता. एकेक तुकडा कापून वेगवेगळा तपासला, सगळे हिरवे. जेवणाची वेळ टळली, डबा तसाच राहिला. पॅटर्न त्याच्याकडे बघून साळसूदपणे हो म्हणत होता आणि मशीन तीच ओळ कचऱ्यात फेकत होतं.

मग त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. कचऱ्याचं जे पान पडद्यावर दिसतं, ते ओळ आहे तशी दाखवत नाही. माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून तिला धुऊनपुसून दाखवतं. त्याने ते पान बंद केलं आणि मशीनच्या पोटातली मूळ ओळ, जशी आली होती तशी, काढली. तिच्यात एकही अर्धविराम नव्हता. प्रत्येक अर्धविरामाच्या जागी तीन अक्षरं होती, टक्क्याचं चिन्ह, तीनचा आकडा आणि इंग्रजी बी. ते अर्धविरामाचं टोपणनाव. मोठ्या अक्षरांचा फोन लिंक पाठवताना अर्धविरामाला त्या टोपणनावाने पाठवायचा. साधे फोन, ऑफिसातले कॉम्प्युटर अर्धविराम तसाच ठेवायचे. पॅटर्न फक्त अर्धविरामाचा चेहरा ओळखत होता, टोपणनाव नाही. त्याच्या लेखी त्या ओळीत खूणच नव्हती, सगळा एक गोळा. गोळा कचऱ्यात. आणि त्याने जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा एक तर धुतलेली ओळ तपासली, नाहीतर कॉम्प्युटरवर उघडलेली. आधी टोपणनावं उलगडायची आणि मग चाळायचं, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. उभ्या दांडीच्या दिवशी हिरवा रंग बघून ज्याला शंका आली, त्याला आपल्या चाळणीच्या हिरव्या रंगाची शंका कधी आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती करायच्या आधी त्याने ताईचा नंबर कचऱ्यात शोधला.

होता. मेसेज आला त्याच सकाळी ताईने दाबलं होतं. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बहुधा खात्री करायला. पुढच्या तारखेच्या वेळी तर त्याहून जास्त, शेवटच्या दिवशी घटकेघटकेला. शिवणाच्या मशीनवरून उठून, फोन डोळ्यांशी धरून ती दाबत असेल, आणि दर वेळी तिला एवढं मोठं ‘धन्यवाद’ दिसत असेल. तिने तेच त्याला सांगितलं होतं. धन्यवाद आलं, म्हणजे लिंक मशीनपर्यंत पोचली. ते पान कसं चालतं हे सगळ्या घरात एकट्या त्याला माहीत होतं, आणि त्यानेच तिला वेड्यात काढलं. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात कधी आली नव्हती.

मॅडमना त्याने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दुरुस्ती झाली का विचारलं, झाली म्हटल्यावर खुर्चीत मागे टेकल्या.

"छान काम केलंत."

"मॅडम, यात बरेच लोक आहेत. सगळे म्हातारे. त्यांच्या तारखा गेल्या. दवाखान्यांना कळवायला हवं."

"गेलेल्या तारखा कळवून परत येणार आहेत का?"

"त्यांना निदान कळेल की त्यांनी दाबलं होतं."

"आणि मग?" मॅडम म्हणाल्या. "झाकली मूठ झाकलेलीच बरी. कचरा उघडायचा नाही हा नियम तुमचाच ना? मग आता उघडून माझ्या टेबलावर कशाला आणताय?"

संध्याकाळी सगळ्या दवाखान्यांना एक मेसेज गेला, सेवा आता अधिक सुलभ झाली आहे, एवढाच. त्याने रिसेप्शनवालीला मात्र फोन करून खरं काय ते सांगितलं. तिने सासऱ्यांची तारीख भांडून परत मिळवली. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "आणि बाकीच्यांचं?" तो म्हणाला, "बघतो." ‘बघतो’चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

रात्री त्याने बायकोला सांगितलं. ती ताटं आवरत होती, ताटं हातात तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "त्या रविवारी मीही तिथेच बसले होते. मलासुद्धा एकदा विचारावंसं वाटलं नाही." धाकट्याला फोन केला तर तो चिडला. "आता मला सांगून काय करू? खोल्या गेल्या, मशीन गेलं. परत कुठून आणू? बैल गेला नि झोपा केला." मग म्हणाला, "मी तुला विचारलं होतं. एकदाच सांग म्हटलं होतं. तू नव्हतं म्हणालास." खरं होतं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि साक्ष चोराचीच काढली होती.

सुट्टीच्या दिवशी तो वृद्धाश्रमात गेला. लांबट खोली, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येकाशेजारी एक छोटं कपाट. ताईचा पलंग दाराजवळ. ती भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, हातात काही नाही. त्याने तिचे हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते. पावलांचा आवाज ऐकून तिने मान इकडेतिकडे वळवली, त्याचा चेहरा नजरेच्या नळीत सापडेपर्यंत.

"तू होय. कपाट उघडं आहे का रे? मी लावलं होतं का?"

"लावलेलं आहे."

"नक्की बघ."

त्याने उठून बघितलं, लावलेलं होतं. तो परत येऊन तिच्या पायाशी बसला आणि येताना रस्ताभर मनाशी जुळवलेलं सगळं विसरून सरळ म्हणाला, "ताई, तू दाबलं होतंस."

"काय?"

"लिंक. दवाखान्याची. तू दर वेळी दाबलं होतंस. मी बघितलं, माझ्या मशीनमध्येच पडलं होतं सगळं. चूक माझी होती, मी लिहिलेलं चुकीचं होतं. तू बरोबर होतीस. तुझा डोळा माझ्यामुळे गेला, ताई. घरही माझ्यामुळे गेलं."

ताई ऐकत होती. मग तिने चाचपडत त्याचा हात शोधला आणि धरला.

"धाकट्याने पाठवलं का तुला?"

"नाही."

"मग बायकोने."

"कुणी नाही गं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू सकाळी दाबलंस, संध्याकाळी दाबलंस, दुसऱ्या दिवशी—"

"असू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "माझं मन राखायला एवढ्या लांब आलास. लहानपणापासून असाच तू. मी रडले की काहीतरी गोड रचून सांगायचास."

"रचून नाही, ताई. खरंच सांगतोय."

"अरे, मलाही आधी तसंच वाटायचं, की दाबलं. किती भांडले तुमच्याशी." ती जराशी हसली. "मग इथे आल्यावर नीट बसून विचार केला. इथे दुसरं करायचं काय. आता मला सगळं स्पष्ट आठवतं. फोन हातात होता, मेसेज उघडला होता, आणि कुणीतरी कपडे न्यायला आलं म्हणून मी तो तसाच बाजूला ठेवला. दाबलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे बघ ते, आत्ता दिसतंय तसं."

"तसं झालंच नाही, ताई."

"तुला काय ठाऊक? तू होतास का तिथे?"

तो नव्हता. त्याने दोन-तीनदा पुन्हा सांगून पाहिलं, टोपणनावाचं, मोठ्या अक्षरांच्या फोनचं, कचऱ्याचं. ती हूं हूं करत राहिली, लहान मुलाचं लांबलेलं गाणं ऐकून घ्यावं तशी. तेवढ्यात डोळ्यांत थेंब घालायला नर्स आली. सकाळचे थेंब घातले होते का, ते ताईने तिला दोनदा विचारलं, मग भावाचा हात थोपटत म्हणाली, "हा माझा भाऊ. फार हुशार आहे हो. चूक माझी झाली आणि हा उगाच स्वतःच्या जिवाला लावून घेतोय. तुम्ही तरी समजवा त्याला."

नर्स म्हणाली, "हो, आजी. मान मागे करा." ताईने मान मागे टाकली, आणि थेंब घालून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.